पाय, टार्ट आणि घरची पेस्ट्री: भाजण्यासाठी भांडे कोणते घ्यावे?

मधुरा_कोथरूड

नमस्कार. केक आणि नानकटाई आमच्या घरी आता सरावाची झाली आहेत, त्यामुळे यापुढे ॲपल पाय, चिकन-मशरूमचा पाय (पाय म्हणजे मैद्याच्या पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ) आणि अंडे-पालकाचा किश (अंडे-दुधाचे मिश्रण भरलेली, वरून उघडी पारी) या तीन पदार्थांकडे वळण्याचा विचार आहे. ओव्हन म्हणजे वर आणि खाली कॉइल असलेला ३० लिटरचा साधा ओटीजी आहे. त्यात पंखा नाही.

दुकानात चार प्रकार पाहिले. एक बोरोसिलिकेट (उष्णता सोसणाऱ्या) काचेची पसरट डिश, दुसरी चिनी मातीची झालरीच्या काठाची देखणी डिश, तिसरे सुटा तळ असलेले काळे नॉनस्टिक भांडे आणि चौथे साधे, उतरत्या कडांचे ॲल्युमिनियमचे भांडे. दुकानदारांनी काचेची भलामण केली. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या एका ग्राहक बाईंनी मात्र चिनी मातीशिवाय पाय होतच नाही, असे ठामपणे सांगितले. मला एवढेच हवे आहे की खालची पारी ओली, कच्चट राहू नये आणि तुकडा उचलताना मोडू नये. तूर्त एकच भांडे घ्यावयाचे असल्यास ते कोणत्या धातूचे आणि किती इंचांचे असावे?

भट्टीवाला

ॲल्युमिनियम. बेकरीत मी आयुष्यभर त्याच्याशिवाय दुसरे काही वापरले नाही. बाकीची चर्चा चालू द्या.

धातुशास्त्री

भट्टीवाल्यांच्या उत्तराशी मी सहमत आहे; मात्र त्यामागचे कारण बहुतेक ठिकाणी अर्धवट सांगितले जाते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पारीत दोन गोष्टी एकाच वेळी घडत असतात. लोणी ३२ ते ३५ अंश सेल्सिअसच्या सुमारास वितळू लागते आणि त्यातील सुमारे १६ टक्के पाण्याची पुढे वाफ होऊन पापुद्रे सुटतात. दुसरीकडे मैद्याचे आवरण शिजून घट्ट व्हावयाचे असते. आवरण घट्ट होण्यापूर्वीच लोणी वाहून गेले, किंवा वरून सारणाचे पाणी मुरले, तर तळ लगद्यासारखा होतो. म्हणजे तळाशी उष्णता किती लवकर पोहोचते, हाच सगळा प्रश्न आहे.

उष्णतावहनात ॲल्युमिनियम काचेपेक्षा सुमारे दोनशेपट सरस आहे, हे सर्वजण सांगतात आणि ते खरेही आहे. तथापि भांड्याची भिंत इतकी पातळ असते की ओव्हनच्या हवेतून उष्णता येण्यास लागणाऱ्या वेळापुढे त्या फरकाचे महत्त्व कमी होते. खरा फरक वजनाचा आहे. ९ इंची काचेची पाय डिश पाऊण ते एक किलोच्या घरात जाते, तर तेवढ्याच मापाचे ॲल्युमिनियमचे भांडे दीडशे-दोनशे ग्रॅमचे असते. काचेला स्वतः तापण्यासाठीच कितीतरी अधिक उष्णता लागते आणि तेवढा वेळ पारी थांबून राहते. जाड चिनी माती याहूनही मंद.

आता दुसरी बाजू. चकचकीत ॲल्युमिनियम कॉइलकडून येणारी प्रारित उष्णता मोठ्या प्रमाणात परत फेकते, तर काच आणि काळा धातू ती शोषून घेतात. त्यामुळे एकदा तापल्यावर काचेतली पारी चांगली तांबूस होते. सारांश, घ्यावयाचे ते ॲल्युमिनियम आरशासारखे चकचकीत नसावे; मंद राखाडी झाकेचे किंवा ॲनोडाइज्ड (पृष्ठभागावर ऑक्साइडचा टणक थर चढवलेले) असावे.

अवंती_न्यूजर्सी

धातुशास्त्रींचे विवेचन आवडले. तरीही काचेच्या बाजूने दोन शब्द लिहिते, कारण आमच्याकडे नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला भोपळ्याचा आणि सफरचंदाचा पाय काचेच्याच डिशमध्ये होतो आणि त्याचा तळ उत्तम भाजला जातो. काचेचा निर्विवाद फायदा हा की डिश उचलून खालून पाहिले की पारीचा रंग दिसतो. नवख्या माणसाला हे फार उपयोगी पडते, कारण वरची पारी सोनेरी झाली तरी खालची पांढरीच असू शकते आणि बहुतेक जण वरचा रंग पाहूनच ओव्हन बंद करतात.

थोडा इतिहासही सांगते. कॉर्निंग या काच कंपनीतील जेसी लिटलटन या पदार्थवैज्ञानिकाच्या पत्नीने, बेसी लिटलटन यांनी, कापलेल्या बॅटरीच्या काचेच्या बरणीच्या बुडात केक भाजून पाहिला आणि त्यातून १९१५ मध्ये पायरेक्स बाजारात आले. तेव्हा ते बोरोसिलिकेट काचेचे होते. अमेरिकेत हल्ली त्या नावाने मिळणारी पारदर्शक भांडी टेंपर केलेल्या (तापवून झटपट थंड करून मजबूत केलेल्या) सोडा-लाइम, म्हणजे बाटल्या-खिडक्यांसाठी वापरतात त्या प्रकारच्या, काचेची असतात. तेव्हा अमेरिकेहून कोणी डिश भेट म्हणून आणली, तर तिला बोरोसिलिकेट समजून थेट फ्रीझरमधून ओव्हनमध्ये ठेवू नये.

भट्टीवाला

अवंतीताई, खालून रंग दिसतो हे मान्य. पण भरलेली, तापलेली, किलोभर वजनाची डिश हातमोजे घालून डोक्याच्या वर धरून तिच्या बुडाकडे पाहणे, हा आमच्या वयाच्या माणसाला झेपणारा व्यायाम नव्हे.

कोकमसार

मी मडगावची. आमच्याकडे ओटीजी नसून कन्व्हेक्शनचा (पंख्याने गरम हवा फिरवून भाजणारा) मायक्रोवेव्ह आहे, आणि असा ओव्हन असणारे अनेक वाचक असतील, म्हणून लिहिते. निव्वळ कन्व्हेक्शनवर धातूचे भांडे बहुतेक कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत चालते असे लिहिलेले असते. मायक्रोवेव्हवर किंवा दोन्ही एकत्र चालणाऱ्या कॉम्बिनेशनवर मात्र चालत नाही. घरात तो ओव्हन अनेक जण वापरत असतील आणि कोणी चुकीचे बटण दाबण्याची शक्यता असेल, तर काच हाच सुरक्षित पर्याय ठरतो. शिवाय फिरत्या तबकडीचा व्यास आधी मोजावा, कारण कानांच्या डिश फिरताना भिंतीला अडकतात.

दुसरे असे की मोठ्या पायचा हट्टच का धरावा? गोव्यात नाताळात आणि समारंभांत एम्पादिन्य करतात. पोर्कचे सारण भरलेले, वरून झाकलेले हे छोटे पाय लहान साच्यांत भाजले जातात. सारण थोडे आणि भोवती पारी अधिक, त्यामुळे तळ कच्चा राहण्याची तक्रार फारशी उद्भवत नाही आणि वाढताना कापाकापीही नाही.

सुगरण_नाशिक

कोकमसार, लहान साच्यांऐवजी घरातल्या स्टीलच्या वाट्या चालतील का, हा प्रश्न पुढे येणारच आहे, म्हणून आधीच उत्तर देते. चालतात, पण फार चांगल्या नव्हेत. स्टेनलेस स्टील उष्णता ॲल्युमिनियमइतकी झटपट पसरवत नाही, वाटीच्या कडा उभ्या असतात आणि तळाशी गोलाई असते, त्यामुळे पारी बाहेर काढताना काठ तुटतो. कपकेकचा सहा किंवा बारा खळग्यांचा ट्रे घरात असेल तर तो वाटीपेक्षा सरस.

लेस्टरकर

मूळ प्रश्नात एक गृहीतक आहे, ते तपासणे आवश्यक वाटते. ॲपल पाय, चिकन पाय आणि किश हे तीन पदार्थ एकाच कुळातले असले तरी त्यांच्या भांड्यांकडून असणाऱ्या अपेक्षा वेगळ्या आहेत.

अमेरिकन पद्धतीचा ॲपल पाय वर-खाली पारी घेऊन भाजतात आणि भांड्यातूनच वाढतात. त्यासाठी उतरत्या कडा आणि पारीची दुमड टेकवण्यासाठी सपाट काठ हवा. उतारामुळे पारी घसरत नाही आणि तुकडा सुरीने उचलणे सोपे जाते. किश किंवा फळांचा टार्ट उभ्या, झालरीच्या कडांचा असतो आणि भांड्यातून बाहेर काढून ताटात मांडावयाचा असतो. म्हणून त्याला सुटा तळ लागतो. चिकन-मशरूमच्या पायला तर ब्रिटनमधील कित्येक घरांत खालची पारीच नसते. शिजवलेले सारण खोल डिशमध्ये ओतावयाचे, डिशच्या रुंद काठाला पाणी लावून वर पारी चिकटवावयाची आणि वाफ जाण्यासाठी मध्ये चीर द्यावयाची. तळच नसल्यावर तो कच्चा राहण्याचा प्रश्न येत नाही, आणि मग चिनी माती, काच, एनॅमल यांपैकी काहीही चालते. चिनी मातीत सारण टेबलावर बराच वेळ गरम राहते, हा तिचा खरा गुण इथे उपयोगी पडतो. त्या दुकानातील बाई बहुधा अशाच पायबद्दल बोलत असाव्यात.

आमच्या लेस्टरशेजारच्या मेल्टन मोब्रे या गावचा पोर्क पाय तर भांड्याविनाच भाजतात. गरम पाण्यात चरबी वितळवून मळलेली कणीक लाकडी ठोकळ्याभोवती हाताने चढवतात, सारण भरतात आणि आधाराशिवाय भट्टीत ठेवतात. त्यामुळे त्याच्या कडा बाहेर फुगलेल्या दिसतात.

मधुरा_कोथरूड

लेस्टरकर, तुमच्या प्रतिसादाने माझे एक भांडे निश्चितच वाचले, कारण काचेची खोल आयताकृती डिश घरात आधीपासून आहे. आता दोन शंका. सुट्या तळाच्या भांड्यातून किशचे अंडे-दुधाचे पातळ मिश्रण गळत नाही का? आणि खाली तापलेला ट्रे ठेवावा असे अनेक जण सांगतात, त्याचा खरोखर उपयोग होतो का?

सुगरण_नाशिक

मिश्रण भांडे अडवत नाही, पारी अडवते. पारी अखंड असेल तर सुट्या तळातून थेंबही गळत नाही. तडा असेल तर मात्र ओव्हनचा तळ घासत बसावे लागते. यासाठी किशची पारी सारणाशिवाय आधी भाजून घ्यावी. पारी भांड्यात बसवल्यावर ती न ताणता कोपऱ्यांत अलगद ढकलावी, कारण ताणलेली पारी भाजताना आक्रसून खाली बसते. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी, तळाला काट्याने टोचे द्यावेत, वर बटर पेपर अंथरून त्यात कडेपर्यंत राजमा किंवा काबुली चणे भरावेत आणि १९० ते २०० अंशांवर कडा घट्ट होईपर्यंत भाजावी. मग कडधान्य काढून तळ कोरडा दिसेपर्यंत पुन्हा भाजावी. अंड्याचा पांढरा भाग ब्रशने लावून दोन मिनिटे ओव्हनमध्ये ठेवले की बारीक भोके बुजतात.

ते कडधान्य नंतर शिजत नाही. त्याची वेगळी बरणी करून त्यावर चिठ्ठी लावावी, अन्यथा घरातील कोणीतरी ते उसळीसाठी भिजत घालते.

अवंती_न्यूजर्सी

तापलेल्या ट्रेचा उपयोग नक्की होतो. मी जाड ट्रे ओव्हनबरोबरच तापवते आणि पाय थेट त्यावर ठेवते. उतू गेलेला रसही ट्रेवरच राहतो.

धातुशास्त्री

अवंती, धातूच्या भांड्यासाठी ही युक्ती सर्वोत्तम आहे; काचेच्या बाबतीत मात्र मी सावध राहीन. फ्रिजमधून काढलेली थंड काच दोनशे अंशांच्या लोखंडी ट्रेवर टेकली की तिचा तळ झपाट्याने प्रसरण पावू लागतो आणि कडा थंडच राहतात. बोरोसिलिकेट काचेचे प्रसरण सोडा-लाइम काचेच्या साधारण एक तृतीयांश असते, म्हणून ती अधिक सहन करते. पण सहन करते म्हणजे कधीच तडकत नाही, असे नव्हे. काचेच्या भांड्यांसोबतच्या सूचनांत ओव्हन आधी तापवून मगच भांडे आत ठेवण्यास सांगितलेले असते, कारण तापताना लालबुंद झालेल्या कॉइलची थेट आच काचेला असमान तापवते. ओटीजीत कॉइल भांड्यापासून अगदी जवळ असल्याने हे अधिकच लागू होते.

अवंती_न्यूजर्सी

माझी डिश फ्रिजमधून थेट ट्रेवर जात नाही. थंड केलेली पारी मी सामान्य तापमानाच्या डिशमध्ये बसवते. मात्र नवख्या वाचकाने तुमची सूचनाच पाळावी, हे मान्य करते. पाय आधी भरून फ्रीझरमध्ये ठेवावयाचा असेल तर धातूच हवा, यावर तर वाद नसावा.

भट्टीवाला

आता थोडे सविस्तर लिहितो. बेकरीच्या भट्टीची लादीच तापलेली असते आणि पत्रा त्या लादीवर टेकतो, म्हणून तळ आधी भाजला जातो. ओटीजीत भांडे जाळीवर अधांतरी असते आणि खालून केवळ हवा व कॉइलची आच मिळते. तापवलेला जाड ट्रे म्हणजे घरगुती लादीच. पाय नेहमी खालच्या कप्प्यात ठेवावा. पहिली वीस मिनिटे २१० ते २२० अंश, नंतर १८० अंश. वरचा रंग लवकर आला तर कडांवर फॉइलची पट्टी ठेवावी. सफरचंदाच्या पायमध्ये चिरेतून रस घट्ट होऊन उकळताना दिसला पाहिजे. नुसता पातळ रस दिसत असेल तर कॉर्नफ्लोअर अजून शिजलेले नाही. आणि काढल्यावर तीन-चार तास तरी कापू नये. लोक भांड्याला दोष देतात. निम्म्या वेळा पाय गरम असताना कापलेला असतो.

सदाशिवपेठी_ठसा

अवांतर: पायच्या पत्र्याच्या भांड्याचा याहून मोठा उपयोग अद्याप कोणीच सांगितला नाही, याचे आश्चर्य वाटते. अमेरिकेत कनेटिकटमधील ब्रिजपोर्ट येथे १८७१ मध्ये सुरू झालेल्या फ्रिस्बी पाय कंपनीच्या रिकाम्या थाळ्या विद्यार्थी एकमेकांकडे भिरकावत असत आणि व्हॅम-ओ कंपनीने आपल्या प्लास्टिकच्या उडत्या तबकडीला १९५७ मध्ये तेच नाव थोड्या वेगळ्या स्पेलिंगने दिले. तेव्हा पाय बिघडला तरी भांड्याचे पैसे वाया जात नाहीत. चिनी मातीच्या डिशबाबत हा प्रयोग करू नये.

परसातली_तुळस

ठसासाहेबांच्या अवांतरात माझीही थोडी भर. साट्याच्या करंज्या करणाऱ्या घरांत पापुद्र्याचे तंत्र ठाऊक असतेच. तूप आणि तांदळाच्या पिठीचा साटा लावून गुंडाळी करावयाची आणि काप लाटावयाचे. असा सराव ज्यांच्या हाताला आहे, त्यांनी पहिल्याच दिवशी पायच्या भांड्यावर खर्च का करावा? फ्रान्समधील गॅलेटला भांडेच लागत नाही. पारी गोल लाटून सपाट ट्रेवर ठेवावयाची, मध्ये फळांच्या फोडी मांडावयाच्या आणि कडा आत दुमडावयाच्या. इंग्लंडमधील कॉर्निश पेस्टीही तशीच ट्रेवर भाजतात, आणि इराणी बेकरीतील खारीसुद्धा सपाट पत्र्यावरच होते.

माझ्या मते पेस्ट्री करणाऱ्याने पहिली खरेदी चांगल्या ट्रेची करावी. तो जाड ॲल्युमिनियमचा असावा, कारण पातळ काळे ट्रे तापल्यावर आवाज करून वाकतात आणि सारण एका बाजूला वाहते. त्याला बोटभर उंचीचा काठ असावा, कारण पापुद्र्यांच्या पेस्ट्रीतून थोडे लोणी वितळून बाहेर येतेच आणि ते कॉइलवर पडले तर घरभर धूर होतो.

लेस्टरकर

परसातली तुळस यांचा मुद्दा मला पूर्णपणे पटला. ट्रे पायखाली लादी म्हणूनही वापरता येईल, म्हणजे एकाच खरेदीत दोन कामे होतील.

गणित_मास्तर

माप राहून गेले, म्हणून लिहितो. बहुतेक पाककृती ९ इंची, सुमारे सव्वा ते दीड इंच खोल भांड्यासाठी लिहिलेल्या असतात आणि त्यात साधारण ९५० मिलिलिटर सारण मावते. खोल पायच्या भांड्याला त्याच्या दीडपट सारण लागते. ८ इंची भांड्याचे क्षेत्रफळ ९ इंचीच्या ७९ टक्के असते, म्हणजे साहित्य एक पंचमांशाने कमी करावे. ओव्हन किती लिटरचा आहे यावरून अंदाज बांधू नये. आतील रुंदी आणि खोली टेपने मोजावी आणि भांड्याचा बाहेरचा व्यास कानांसकट धरावा. चारही बाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर जागा मोकळी राहिली पाहिजे, नाहीतर पंखा नसलेल्या ओव्हनमध्ये हवा खेळत नाही. ९ इंच लिहिलेल्या झालरीच्या चिनी मातीच्या डिशचा बाहेरचा व्यास कित्येकदा ११ इंचांपर्यंत जातो.

कोकमसार

आंबट सारणाविषयी कोणी लिहिले नाही. लिंबू, टोमॅटो, कच्ची कैरी यांचे सारण साध्या ॲल्युमिनियममध्ये चालते का?

धातुशास्त्री

मध्ये पारी असल्याने भाजण्याच्या तासाभरात अडचण येत नाही. उरलेला पाय मात्र त्याच भांड्यात रात्रभर ठेवू नये, कारण आम्लामुळे ॲल्युमिनियम काळवंडते आणि सारणाला धातूची चव लागते. ॲनोडाइज्ड भांड्यात ही तक्रार बरीच कमी होते. नॉनस्टिक भांडे घेतल्यास त्यात सुरीने कापू नये; म्हणूनच ते सुट्या तळाच्या टार्टसाठी ठीक, भांड्यातच कापावयाच्या पायसाठी गैरसोयीचे. फ्रेंच पद्धतीचे कथिलाचा मुलामा दिलेले पत्र्याचे साचे कोणाला मिळाले, तर ते धुऊन लगेच कोमट ओव्हनमध्ये वाळवावेत, नाहीतर गंजतात. आणि कथिल २३२ अंशांवर वितळते, म्हणून रिकामे साचे फार तापवू नयेत. सिलिकॉनचे साचे पायसाठी घेऊच नयेत. त्यांत पारी फिकट राहते आणि उचलताना साचा वाकला की मोडते.

मधुरा_कोथरूड

सर्वांचे मनापासून आभार. टेप लावून ओव्हन मोजला. ९ इंची भांड्याभोवती हवेला जागा राहत नाही, म्हणून ८ इंची घेणार. चिकनचा पाय घरातल्या काचेच्या डिशमध्ये केवळ वरची पारी लावून करणार, ॲपल पायसाठी उतरत्या कडांचे ॲल्युमिनियमचे भांडे आणि त्याखाली काठ असलेला जाड ट्रे घेणार. किशचे सुट्या तळाचे भांडे पुढच्या महिन्यात पाहीन. मात्र बोहरी आळीत मिळालेले भांडे चांगलेच चकचकीत आहे. धातुशास्त्रींच्या म्हणण्याप्रमाणे ते मंद झाकेचे असावयास हवे. ते परत करावे का?

भट्टीवाला

परत करू नका. तापलेल्या ट्रेवर ठेवल्यावर बुडाला आच धातूकडून धातूला मिळते. तिथे चकाकीचा संबंध राहत नाही. कडा जरा फिकट वाटल्या तर पाच-सात मिनिटे जास्त ठेवा. भांड्याचा तळ सपाट आहे की नाही, तेवढे ओट्यावर ठेवून पाहा. डुगडुगत असेल तर मात्र बदलून घ्या, कारण मग ते ट्रेला पुरते टेकणार नाही.

धातुशास्त्री

सहमत. वापराने चकाकी आपोआप कमी होते. ती घालवण्यासाठी किंवा राखण्यासाठी तारेच्या घासणीने घासू नये. डिशवॉशरमध्येही घालू नये, कारण त्याच्या अल्कधर्मी पावडरीने साधे ॲल्युमिनियम काळे पडते आणि तो काळेपणा नंतर हाताला लागत राहतो. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ घासणी पुरेशी आहे.

सदाशिवपेठी_ठसा

पाय पहिल्यांदा कापाल तेव्हा तळाचा फोटो अवश्य टाका. वरून सगळेच पाय सुंदर दिसतात.